तुमच्या गोष्टींतली आई

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की विभागातल्या नव्या मुलांसाठी तुम्ही फक्त भिंतीवरचा फोटो आहात. मी मात्र अजून तुमच्याशी भांडते. अकोल्याच्या कॉलेजात अमेरिकेतल्या लॅटिनो कादंबऱ्या शिकवताना, मध्येच वाक्य तोडून, मनातल्या मनात. गेल्या महिन्यात ते भांडण मी चारचौघांत केलं. कसं केलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

मी संशोधनाला आले तेव्हा मूर्तिजापूरजवळच्या आमच्या मळ्यातली वांगी-मेथी बाजारात जायची, आणि माझ्या तोंडून वऱ्हाडी ‘मले’, ‘तुले’ निघालं की तुम्ही हात वर करून मला थांबवायचात. ‘आधी भाषा धुऊन या,’ म्हणायचात. तरी विषय तुम्हीच दिलात: मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांच्या कादंबऱ्या, मनोविश्लेषणाच्या अंगानं. त्यातल्या एकीत, सीमा ओलांडताना वाळवंटात हरवलेल्या मुलासाठी आई रोज एक मक्याची रोटी फडक्यात गुंडाळून ठेवते. तुम्ही म्हणालात, ‘ही सगळी संस्कृतीच आईच्या पदराला बांधलेली आहे. शोक संपवता न येणं हे अपरिपक्व मनाचं लक्षण.’ मी म्हटलं, संपवायचाच कशाला, सर? ती माणसं दरवर्षी मेलेल्यांच्या आवडीचं जेवण मांडतात, आपण पितरांना पान वाढतो. तुम्ही चष्मा काढलात. ‘हे पुस्तकातलं नाही. कुठून आलं?’ त्या दिवशी मी तुमच्यावर विश्वास टाकला. सांगितलं की माझा धाकटा भाऊ तापानं गेला, आणि तेव्हापासून आई रोज त्याच्या वाट्याची चतकोर भाकर टोपल्यात वेगळी ठेवते, दुसऱ्या दिवशी गाईला घालते. तुम्ही इतकं शांतपणे ऐकलंत की मला वाटलं, तुम्हाला समजलं.

मग अमरावतीचं ते चर्चासत्र. मी पहिल्यांदा निबंध वाचणार म्हणून आई आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, मागच्या रांगेत बसली होती. अध्यक्ष म्हणून तुम्ही शेवटी उठलात. इंग्रजीत बोलता बोलता अचानक मराठीवर आलात. ‘इतकं लांब कशाला जायचं? आमच्या एका भाजीवाल्याच्या मुलीची आई बघा. मुलगा मेला, बाई अजून त्याला भाकर वाढते. आणि मुलगी त्याला संस्कृती म्हणते.’ सभागृह हसतं. हसू ओसरेपर्यंत तुम्ही थांबता. मी मागे वळून बघत नाही.

परतीच्या बसमध्ये बडनेरा मागे पडल्यावर आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, ‘तुया सरानं आपल्या लेकराचं काहून सांगतलं तिथं?’

‘उदाहरण म्हणून,’ मी म्हटलं.

‘मंग लोकं हासून काहून राहिले होते?’

त्यानंतर तिनं भाकर वेगळी ठेवणं बंद केलं. तुमच्या हिशेबी ती बरी झाली असेल. मला विचाराल तर तुम्ही माझ्या भावाला दुसऱ्यांदा मारलंत.

तुम्ही होतात तोवर मी बोलले नाही, कारण पदवी तुमच्या सहीवर अडली होती. पदवी हाती आली आणि वर्षभरात तुम्हीच गेलात. गेल्या महिन्यात विभागानं तुमच्या स्मरणार्थ ठेवलेल्या व्याख्यानाला मला बोलावलं. लाडकी विद्यार्थिनी, गोड बोलेल, असं वाटलं असणार. मी तुमचा एकुलता एक कथासंग्रह घेऊन गेले. तुमच्या पत्नी पहिल्या रांगेत होत्या. मी तुमच्याच शिस्तीनं वाचलं: लेखक काय लिहितो यापेक्षा काय लिहायचं टाळतो ते बघा. तुमच्या एकाही कथेतली आई तोंड उघडत नाही. ती दाराशी उभी असते, आणि कोणी तिला बस म्हणत नाही. एका कथेत मुलाकडे बडी माणसं जेवायला येतात आणि तो तिची ओळख कामवाली म्हणून करून देतो. ती ओळ मी दोनदा वाचली. मग म्हटलं, या लेखकाला आईचा शोक संपवता आलेला नाही. हे अपरिपक्व मनाचं लक्षण. मागे कोणीतरी हसलं. मीही हसू ओसरेपर्यंत थांबले.

चहाच्या वेळी तुमच्या पत्नी जवळ आल्या. ‘तुम्हाला हे कोणी सांगितलं?’

‘काय?’

‘ती कामवाली. त्यांची आईच होती ती. आमच्याच घरी झालं.’

‘कोणी नाही. गोष्टीतच होतं.’

त्यांनी कप तसाच खाली ठेवला. ‘सासूबाई दर्यापूरकडच्या. मले-तुलेच बोलायच्या. यांना ते चालायचं नाही. त्या दिवसानंतर त्या आमच्याकडे कधी आल्या नाहीत.’

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अकोल्याला पोचेपर्यंत मी त्यांचं ते मले-तुलेचं वाक्य तोंडातल्या गोळीसारखं घोळवत होते. माझ्या जिभेवरून तुम्ही जे धुवायला सांगत होतात, ते तुमच्या आईचं बोलणं होतं.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या पत्नींना तर नाहीच. एक मात्र कबूल करते. भाषण संपलं, टाळ्या सुरू व्हायच्या होत्या, आणि माझी नजर पहिल्या रांगेत तुम्हाला शोधत होती. तुम्ही दुखावलेले दिसावेत म्हणून, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे वाचन बरोबर जमलं का, एवढंच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.