विकतचा निवडुंग

९ एप्रिल
वाशीमहून सहा कुंड्या आणल्या. माझ्या शिलाईच्या पैशातून, कोणाले न विचारता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. गेली होती फॉल अन अस्तर घ्यायले, आली काटे घेऊन. आमचे हे दारातच हसले. "निवडुंग विकत आनला? वावराच्या धुऱ्यावर फुकट पडला हाय!" सासूबाई हसल्या नाहीत. काटेरी झाड घरात आलं की भांडणं लागतात म्हणे. शेवटी ठरलं: जगले तं राहतील, मेले तं धुऱ्यावर, अन पुन्हा असला शौक नाही.

बरं. मरूच देत नाही.

१० एप्रिल
नर्सरीवाल्यानं एकाचंही नाव सांगितलं नाही. सगळंच "शोचं झाड." मोबाईलवर शोधलं. एकाच झाडाचे तीन फोटो काढले तं तीन नावं आली. वा रे वा!
नक्की झालेले: गुलाबासारखी जाड पानं ते इचेव्हेरिया. पांढऱ्या पट्ट्यांचं हॉवर्थिया. जेड ओळखीचंच. गोल काटेवाला बहुतेक ममिलारिया. त्याचं लाल फूल जरा ओढलं तं हातातच आलं. गोंदानं चिकटवलेलं! मेला लबाड.
उंच तीन धारांचा कॅक्टसच नाही. टाचणी टोचली तं दूध निघालं. असल्या उंच कॅक्टसले चीक नसतो, म्हणजे हा युफोर्बिया. हात साबणानं दोनदा धुतले. सहावं पांढऱ्या केसांचं. नाव सापडेपर्यंत 'आजोबा'.

१३ एप्रिल
नर्सरीची माती म्हणजे नुसता भुसा. फेकली. वावरातली काळी भरली, वरून शेणखत. हिच्यात कापूस होते, तूर होते, मग यायले काय धाड भरली?

२१ एप्रिल
धाड भरली.
इचेव्हेरियाची खालची पानं पिवळी, पाणी भरल्यासारखी. जेडची पानं गळून राह्यली. काळी माती पाणी सोडत नाही. पिकाले तेच पायजे, यायले तेच नको. एवढी साधी गोष्ट शेतकऱ्याच्या पोरीले कळू नये!
सगळी उपटली, मुळं झटकून सावलीत पेपरवर ठेवली. मालेगाव रोडच्या टेकाडावरून घमेलंभर मुरूम आणला, चाळला. हे म्हणे, "लोक काळीसाठी भांडतात अन तू मुरूम वाहून राह्यली." म्हटलं, हसा खुशाल.

२५ एप्रिल
लावली. दोन वाटे मुरूम, एक वाटा माती. आता आठवडाभर पाणी बंद.

३ मे
इचेव्हेरिया गेलं. हात लावला तं मधूनच सुटलं. लय वाईट वाटलं. सासूबाईनं पाहिलं. त्यायचं पाहणंच जास्त लागलं.

५ मे
मुरूम ओला. मी थेंब दिला नाही. आमच्या यायले विचारलं तं, "मले कायले तेवढा वेळ?"

७ मे
सापडलं. सासूबाई! सकाळी आंघोळ करून तुळशीले पाणी घातलं अन तांब्यात उरलेलं यायच्या कुंड्यायत. रोज. मी ओरडलीच. "आई, मुद्दाम मारून राह्यल्या तुमी! पैज जिंकायची आहे ना?"
त्या तांब्या घेऊन उभ्याच. "पैज कोनाची वं? एवढ्या उन्हात तुळशीले पाजायचं अन बाजूच्याले तसंच ठेवायचं? मले नाही जमत."
मी तशीच आत निघून आली.

८ मे
अबोला. हे म्हणे, "घ्या, काट्यानं भांडण आनलंच." कोणी हसलं नाही.

९ मे
मीच सासूबाईकडे गेली. माफी वगैरे नाही जमत मले. हॉवर्थियाचं पान त्यायच्या बोटात दिलं, म्हटलं दाबा. "पोटात पाणी आहे त्याच्या, आई. आपण पाजलं की सडते." बराच वेळ दाबत बसल्या. मग, "म्हंजे उंटावानी?" म्हटलं हो, उंटावानी. "मंग आधी सांगाचं ना."

१६ मे
आजोबा खालून मऊ, तपकिरी. आता कापल्याशिवाय इलाज नाही. सासूबाईनं पेपरची घडी गुंडाळून धरलं, मी पातं चालवलं. डाग दिसला की अजून वर. पार पांढरं लागेपर्यंत. वीतभर होतं, चार बोटं राह्यलं. "रडून राह्यली का?" म्हणे. म्हटलं, नाही. होती.

२४ मे
काप वाळला. कोरड्या मुरमावर टेकवला. मूळ फुटेपर्यंत पाणी नाही, हलवून पाहणं नाही. अन उद्या मले मानोऱ्याले जाणं आहे, चुलतभावाचं लग्न. चार-पाच दिवस. ऊन असं की दारातली चप्पल भाजते. सासूबाईले म्हटलं, "काहीच करू नका हं." "जाय बाई, समजलं मले."
समजलं, पण हात ऐकतील का?

२७ मे, मानोरा
हळद झाली. मन लागेना. घरी फोन केला. सासूबाईनंच उचलला. पाव्हणे किती, जेवण काय, सगळं विचारलं. झाडांचं मीच काढलं.
"देल्लं नाही थेंबभर. मी रोज जाऊन बसते त्यायच्यापाशी. काही न देता बसनं लय कठीन हाय बाई."
आजोबाले मूळ फुटलं का, विचारलं.
"हलवून पाहू नको म्हनली ना तू? मंग नाही पाह्यलं."