माळावर झाड नको

आबा,

आज सकाळी मी ट्रकभर रोपं माळावरून परत पाठवली. कडुनिंब, करंज, गुलमोहर, सगळी काळ्या पिशव्यांतली, हातभर वाढलेली. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे मी वनरक्षक झाले हे तुम्हाला कळलंच नाही. तुम्ही वनमजूर होतात, मला खाकी गणवेश मिळाला. शेजारच्या तालुक्यातल्या एका माळाची राखण माझ्याकडे आहे. तिथं मला मॅडम म्हणतात. आणि आज त्याच मॅडमनी झाडं लावू दिली नाहीत, म्हणून गावातली निम्मी माणसं माझ्याकडं खुळ्यासारखी बघत होती.

मी पाचवीत होते तेव्हा शाळेत प्रत्येकाला एकेक रोप दिलं होतं. मला कडुनिंब मिळाला. लावायला जागा शोधायची गरजच नव्हती. तुम्ही दिवसभर ज्या माळावर फिरायचात तो तर नजर जाईल तिथवर उघडा पडलेला. मला वाटलं, झाडाची गरज सगळ्यांत जास्त तिथंच आहे. दोन मैत्रिणी बरोबर घेऊन मी गेले, खड्डा केला, रोप लावलं, तांब्यानं पाणी घातलं, भोवती दगडांचं आळं केलं. तुम्ही लांबून येताना दिसलात तेव्हा मी उभी राहून हात हलवला होता. तुम्ही आलात, खाली वाकलात, आणि मातीसकट रोप उपटून माझ्या हातात दिलंत. "हितं झाड लावायचं न्हाय," म्हणालात. मी विचारलं, का? "ह्ये गवताचं रान हाय." एवढंच बोलून तुम्ही पुढं चालायला लागलात. दुसऱ्या दिवशी वर्गभर झालं, हिचा बाप जंगलखात्यात हाय आन झाडं उपटतो. मी घरी येऊन चुलीपाशी बसून रडले. आई तव्यावरची भाकरी उलटताना तुम्हाला म्हणाली, "लेकरानं लावलेलं उपटायला तुमचा हात कसा धजला?" तुम्ही खाली मान घालून जेवत राहिलात. हात धुताना मात्र मला म्हणालात, "रविवारी चल माझ्यासंगं."

तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. पाऊस पडून गेलेला आहे, गवत गुडघ्याला लागतंय, आपण एका उंचवट्यावर बोराटीच्या झुडपामागे बसलोय. तुम्ही बोटानं दाखवता, "त्यो पांढरा दगड दिसला? त्याच्या डाव्या अंगाला बघ." मला तिथं आणखी एक दगड दिसतो, मातकट रंगाचा. मग तो दगड मान वर काढतो. लांब, फिकट मान, डोक्यावर काळी टोपी. "माळढोक हाय. मादी," तुम्ही अगदी हळू सांगता. "अंड्यावर बसलीया. वर्साला एकच घालती. घरटं न्हाय, काटकी न्हाय. उघड्या भुईवर." मी विचारते, मग कुणी तुडवलं तर? त्याच वेळी खालच्या अंगानं मेंढरं येताना दिसतात. शंभरेक तरी असतील, खाली मान घालून चरत, सरळ तिच्याच दिशेनं.

तुम्ही उठलात आणि लांबचा वळसा घालून पळत सुटलात. सरळ गेला असता तर ती तुमच्याच भीतीनं उठली असती, हे मला फार पुढं कळलं. मी तिथंच बसून राहिले. मला वाटलं, आता ती उडून जाईल. ती उभी राहिली, पण उडाली नाही. पंख उघडले, शेपूट उभारली, आणि बघता बघता दुप्पट झाली. अंड्यापुढं एक पाऊल टाकून ती त्या सगळ्या कळपासमोर एकटी उभी राहिली. पुढची मेंढी थबकली. मागच्या तिच्यावर आदळल्या. कुठलाही आवाज नव्हता, फक्त तिच्या पंखांत वारा भरत होता. तेवढ्यात तुम्ही धनगराच्या बाईपर्यंत पोचला होतात. तिनं जिभेनं टकटक आवाज केला आणि कळप पाणी फुटावं तसा माळढोकाच्या दोन्ही अंगांनी फुटून निघून गेला. ती पंख मिटून परत खाली बसली, आणि पुन्हा मातकट दगड झाली.

परतताना तुम्ही त्या बाईशी बोलत होतात, मी मागून ऐकत होते. "पाऊसकाळ सरंस्तोवर हिकडं नगं आणू बाई. वरल्या अंगाला चार, तिकडं मी राखून ठिवलंय." ती म्हणाली, "व्हय की दादा, पर मला कुटं ठावं हितं ती हाय?" तुम्ही तिला रागावला नाहीत. मला म्हणालात, "मेंढरं नगंत असं न्हाय. ती चरली न्हाईत तर गवत लई वाढतंय, मग हिला लांबचं दिसत न्हाय. आन झाड असतं, तर त्याच्यावर घार बसली असती. वरनं अंडं दिसलं असतं तिला." एवढं सांगून तुम्ही बिडी पेटवलीत. उपटलेल्या रोपाबद्दल ना तुम्ही काही बोललात, ना मी विचारलं.

आता तुमच्या माळावर माळढोक दिसत नाही, आबा. माझ्या माळावर तर तो कधी नव्हताच. पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, गवतात घरटी करणारे चंडोल आहेत. उन्हाळ्याआधी आम्ही गवताच्या पट्ट्या जाळून वणव्याची वाट तोडतो, पाणवठे भरतो, चराईचे भाग आलटून पालटून बंद ठेवतो. आणि दरवर्षी कुणीतरी चांगल्या मनाचं माणूस येऊन म्हणतं, हा माळ ओसाड पडलाय, झाडं लावू.

यंदा ते माणूस म्हणजे गावच्या सरपंचबाई. पन्नाशीच्या, शब्दाच्या पक्क्या. कार्यक्रम ठरला, पाहुणे ठरले, ट्रक काल संध्याकाळीच येऊन उभा राहिला. मी कागद दाखवले, नियम सांगितले, त्या ऐकेनात. "अवं मॅडम, हितं हाय काय? नुसता माळ." शेवटी मी म्हटलं, उद्या कार्यक्रमाआधी एक तास माझ्याबरोबर बसा, मग तुम्ही म्हणाल तसं. आज उजाडताना त्या आल्या. आम्ही गवतात बसलो. अर्धा तास काहीच घडलं नाही. त्यांनी दोनदा फोन बघितला. माळानं आज काही दाखवलं नाही तर माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. मग लांबून एक काळविटाची मादी आली, थांबत, कान फिरवत. सरपंचबाईंच्या चपलेपासून दहाबारा हातांवर गवत हललं आणि त्यातून एक पाडस उठून उभं राहिलं. पाय थरथरणारे, अंगाला गवताची पाती चिकटलेली. आईचा सुगावा लागला तसं ते धडपडत तिच्याकडं गेलं आणि ढुशा देत प्यायला लागलं.

सरपंचबाई म्हणाल्या, "म्हंजी इतका येळ त्ये हितंच व्हतं?"

"हो."

"आन मी त्याच्याशेजारी बसून हितं काय न्हाय म्हणत व्हते."

खड्डे खणायचं यंत्र आज तिथूनच फिरणार होतं. त्यांनी उठून ट्रकवाल्याला सांगितलं, रोपं शाळेकडं घ्या, उरलेली ओढ्याच्या काठाला. पाहुण्यांना मी समजावते, म्हणाल्या. गावातले काही अजून नाराज आहेत, माझ्यावर अर्जही जाईल कदाचित. जाऊ दे.

हे वहीत लिहितेय, वहीतच राहील. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. जाताना बाईंनी मला विचारलं, "मॅडम, ह्ये असं बघायला तुमास्नी कुणी शिकवलं?" मी म्हटलं, ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तुमचं नाव तोंडापर्यंत आलं होतं, आबा. वनमजुराची मुलगी म्हणायला मला लाज वाटली.