शांतम्माचं माळवद

मी, शेषेराव मन्मथ बिरादार, वय एकाहत्तर, वीज खात्यातून निवृत्त, राहणार मौजे तळवाडी, ता. जळकोट, जि. लातूर, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. दडपण आहे ते माझ्याच मनाचं. वकीलसाहेबांना हे वाक्य नको होतं, मला हवं आहे.

१. तलावाकाठच्या वडिलोपार्जित घराचा निम्मा हिस्सा माझा, निम्मा माझा धाकटा भाऊ कै. सिद्धराम याची बायको शांतम्मा हिचा. दोन वर्षांपूर्वी ती बिदरला माहेरी गेलेली असताना मी आख्ख्या घराचं माळवद उतरवून स्लॅब टाकला. वर्षभरात जेवढी वीज जळेल तेवढी घरातच तयार व्हावी, ही माझी हौस. मातीच्या छपरावर पॅनलचे सांगाडे टिकले नसते. विचारणाऱ्यांना मात्र भूकंपाचं कारण सांगितलं. त्र्याण्णव साली मातीची घरं माणसांच्या अंगावर आली, तेव्हापासून आमच्या भागात त्यावर कुणी उलट बोलत नाही.

त्या माळवदावर दर मिरगाआधी, पावसात गळू नये म्हणून, पांढरी माती पसरायची ती शांतम्मा. कुरडया तिथंच घालायची, सिद्धराम गेल्यावर रडायलाही तिथंच जायची. परत आली, वर पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. "भावजी, एक फोन तर करायचा होता की," एवढंच म्हणाली.

बिल शून्यावर आलं. पण स्लॅब असा तापतो की एसी घ्यावा लागला, मग एसीसाठी आणखी पॅनल. माळवदातलं उजेडाचं साणं बुजलं, त्यामुळं भर दुपारी दिवा लागतो. सारी नोकरी विजेत गेली आणि एवढी साधी गोष्ट मला कळू नये! शांतम्माला एसी सोसत नाही, ती उदगीरला भाड्यानं राहते. तिची बाज इथंच रिकामी पडून आहे.

२. घरातला माझा हिस्सा माझ्या पश्चात शांतम्माला द्यावा. माझी मुलगी तनुजा राजी आहे. जुन्या सागवानी तुळया गोठ्यात जपून ठेवल्या आहेत. स्लॅब काढून त्या चढवाव्यात, लोखंडी आधार मात्र द्यावा. पॅनल गोठ्याच्या पत्र्यावर न्यावेत. तिथं जागा आधीपासून होती. पांढरी माती दारात आणून टाकली आहे. पसरायची कशी, ते मी कधी पाहिलंच नाही.

३. 'शून्य बिलाचं घर' म्हणून गावानं सत्कार केला, ती शाल मी अंगाला लावलेली नाही. तिच्यावर कुरडया वाळत घालाव्यात.

४. एवढं लिहून झालं आणि ध्यानात आलं, की हेही मी तिला न विचारताच करत होतो. साक्षीदारांना ओसरीवर थांबवून फोन लावला, सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यावर कशाला, भावजी? मिरग तोंडावर आलाय."

म्हणून कलम दोनमधले 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडले आहेत. खाडाखोड मला मान्य आहे. वकीलसाहेब म्हणतात, मग हे मृत्युपत्र राहत नाही. न राहो.

सही: शेषेराव मन्मथ बिरादार
साक्षीदार: १. बालाजी नागनाथ मुळे २. शिवलिंग बसप्पा स्वामी
मौजे तळवाडी, दि. १९ मे २०२५