शेवटच्या बांधीचे पाणी

जांभूळटोला, ता. देवरी
दि. १० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप परसरामदादांस,
अनुसयेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन असताना पत्र काऊन, असे वहिनी विचारतील. माझा फोन यांच्या खिशात असतो. आपला गट महिलांसाठी राखीव झाला, मी जिल्हा परिषदेवर निवडून आले. पण त्याआधी दोन वेळा हेच सदस्य होते, म्हणून लोकांचे फोन घेणे यांच्याकडेच राहिले. दारात कोणी येऊन मेंबर आहेत काय असे विचारले, की मी आत जाऊन यांना उठवते. हसू नका.

शंका अशी की, सतरा सप्टेंबरला सर्वसाधारण सभा आहे आणि परवा जेवताना हे म्हणाले, त्या दिवशी कचारगडला दर्शनाला जा, गाडी करून देतो. मला आजवर बाजाराला जायलाही गाडी मिळाली नाही. कचारगडची यात्रा माघात. भर पावसाळ्यात कायले, असे विचारले तर म्हणाले की तुझी तब्येत उतरून राहिली. कालच मी बायांसोबत वाकून रोवणी आटोपली आहे.

दुसरे असे की, आपल्या दोन्ही गावांच्या तलावाच्या पाळीवर कोणी चुन्याच्या रेघा मारून गेले. हे म्हणतात, ढोरे चढू नयेत म्हणून. चुन्याने ढोरे थांबतात, हे तुम्ही शाळेत शिकवले नव्हते.

सभेत मी नसले तर नेमके काय होते, एवढे समजावून सांगा. उत्तर अंगणवाडीतल्या मंजूच्या नावाने पाठवा. घरी येणारे टपाल आधी हे फोडतात.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
आपली,
अनुसया


गोंदिया
दि. १६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अनुसयेस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझा प्रश्न वाचून मला पुन्हा वर्गात उभे राहिल्यासारखे वाटले. घरात फळा नाही, म्हणून आधी तुझ्या वहिनीला स्वयंपाकघरात समजावले. तिने डाळ लागेपर्यंत ऐकले व मग मला बाहेर काढले.

आता क्रमाने पाहू. सभागृहात सदस्याच्या नवऱ्याला स्थान नसते. यादोराव कितीही मोठे झाले तरी त्यांची हद्द दारापर्यंत. आतले एखादे काम करून घ्यायचे, तर एकतर तू त्यांच्या मनासारखे बोलली पाहिजेस, नाहीतर तू तिथे नसली पाहिजेस. पहिल्यासाठी तुला विषय सांगावा लागेल, आणि तोच ते टाळत आहेत. एखादा विषय ज्या गटातला असतो, त्या गटाच्या सदस्याकडे अध्यक्ष आधी पाहतात. तिथे रिकामी खुर्ची दिसली, की ती हरकत नसल्याची खूण धरली जाते. यावरून विषय तुझ्याच गटाचा असावा. विषयपत्रिका मागून घे.

आपल्या पाळीवर नियम याच्या उलट, हे तुला आठवत असेल. ज्याचे धानाचे शेत पाटाच्या टोकाला, तो शेवटच्या बांधीवाला पाळीवर येऊन उभा राहिल्याशिवाय पाणी वाटणारा पाणकर पाळीखालच्या तुडुमाचे बूच काढून पाणी सोडत नाही. पाणी सर्वांत उशिरा ज्याला मिळायचे, त्याचा शब्द सर्वांत आधी. बाबांना ताप होता, तर लोकांनी त्यांना खाटेवर घालून पाळीवर नेले होते. आता ती बांधी माझ्या नावावर आहे, म्हणून गोवर्धन पाणकर दरवर्षी मला निरोप धाडतो. केवढी सुंदर व्यवस्था आहे, पाहा. तेव्हा कचारगड राहू दे. सभेला जा.

हिमांशु इंजिनिअर होऊन अजून घरीच आहे. तुझ्या वहिनीला त्याचीच काळजी. बाकी क्षेम.

असाच जीव लावत जावा.
तुझा,
दादा


जांभूळटोला
दि. २५ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप दादांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

विषयपत्रिका मागितली, तर हे म्हणाले की आलीच नाही. मग मंजूच्या फोनवरून आमगावकडच्या एका सदस्यबाईंना विचारले. त्यांना केव्हाच मिळाली होती. विषय आपल्याच तलावाचा आहे. त्याचे पर्यटनस्थळ होणार, पाळीवर फिरायचा रस्ता होणार, आणि नावा चालाव्यात म्हणून तलाव बारमाही भरलेला राहणार. त्यासाठी तुडुम काँक्रीटने कायमचा बंद. दारावर कमान येणार आणि तिच्यावर यांचे नाव.

गोवर्धनला हे सांगितले. त्याने धानाची एक काडी उपटून हातात घेतली. मग म्हणाला की धान गर्भात आल्यावर पाणी मागते बाई, तेव्हा त्याले नावेत बसवून फिरवाल काय. तलावाखाली दोन्ही गावांचे धान आहे, माझ्या माहेरचेही. मी सभेत उभी राहीन. काय बोलावे ते लिहून पाठवा.

आणखी एक. परवा हे ट्रॅक्टर दुरुस्तीला आमगावला जातो म्हणून गेले. परतले तेव्हा पिशवीत अनारसे होते. त्यावर खसखस वहिनी लावतात तशी, एकाच बाजूला दाट. हे तुमच्याकडे आले होते काय?

ओढ आहे तशीच राहू द्यावी.
आपली,
अनुसया


गोंदिया
दि. २ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अनुसयेस आशीर्वाद. वि. वि.

यादोराव येऊन गेले. सविस्तर बोलणे झाले. मनुष्य आपण समजलो त्यापेक्षा दूरदर्शी आहे.

विषयाला दुसरी बाजूही असते, हे मी वर्गात नेहमी सांगत असे. तलाव म्हणजे केवळ सिंचन नव्हे. पर्यटक आले की दुकाने येतात, शिकलेल्या मुलांना गावाजवळ काम मिळते. धानाला पुढेमागे बोअरवेल होतील. अनुपस्थित राहणे म्हणजे विरोध नव्हे आणि पाठिंबाही नव्हे. त्याला तटस्थता म्हणतात. लोकशाहीत ती अत्यंत प्रगल्भ भूमिका मानली जाते. घरातली शांतताही सार्वजनिक जीवनाचा पाया असते. कचारगडची गुहा पावसाळ्यात फार रम्य दिसते, असे ऐकतो.

भाषण पाठवीत नाही. त्याची गरज पडू नये. हिमांशु मजेत आहे.

राग न धरता लोभ धरावा.
तुझा,
दादा


जांभूळटोला
दि. १८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप दादांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

सोमवारी पाळीवर गेले, तर पिवळे हेल्मेट घातलेला एक जण टेप धरून उभा होता. जवळ जाताच तो पाया पडला. आपला हिमांशु. म्हणाला की आत्या, बाबांनी सांगितलं नाही काय, फुफाजींनी मला इथे सुपरवायझर म्हणून लावलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की माझ्याने रागावणे झाले नाही. घरी नेऊन चहा पाजला. मग विचारले की बेटा, शेवटच्या बांधीला पाणी कुठून जाईल. त्याने नकाशा उलगडला आणि म्हणाला की तिथे बांधी नाहीच, गाड्या उभ्या करायची जागा आहे. ती त्याच्या आजोबांची बांधी, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. तुम्हाला हे ठाऊक होते की नाही, ते मी विचारत नाही.

काल सकाळच्या एसटीने मंजूला घेऊन गोंदियाला आले. हे जीपने मागोमाग पोचले आणि तुम्ही शिकवले तसे दारापाशीच थांबले. आपला विषय निघाला. अध्यक्षांनी आधी माझ्या खुर्चीकडे पाहिले. तीत मी होते. टेबल धरून उभी राहिले आणि बोलले. म्हणाले की आमच्याकडे शेवटच्या बांधीवाला आल्याशिवाय पाणी सोडत नाहीत, आणि इथे तर गावालाच कोणी बोलावले नाही. आधी ग्रामसभा घ्या. कोणी हसले. पण अर्जुनीकडच्या तलावांच्या गावचे एक म्हातारे सदस्य म्हणाले की बाई नेमावर बोलून राहिली, बोलू द्या. विषय ग्रामसभेकडे आला. संपला मात्र नाही.

हे रात्री जेवले नाहीत. सकाळी माझा फोन चुलीजवळ ठेवलेला दिसला. तो वाजत होता. मीच उचलला. पलीकडच्याने मेंबर आहेत काय असे विचारले, तेव्हा मी हो म्हटले.

दादा, पाऊस उघडला आहे आणि धान गर्भात आले आहे. पुढच्या रविवारी, अठ्ठावीसला, ग्रामसभा पाळीवरच भरेल. यंदा गोवर्धनच्या ऐवजी मीच निरोप धाडते. शेवटची बांधी तुमची आहे. दोन्ही गावांसमोर उभे राहा आणि बूच काढायचे की नाही, ते तुमच्या तोंडाने सांगा. हिमांशुही तिथेच असेल. तुम्ही येईपर्यंत गोवर्धन थांबेल, मीही थांबेन. धान थांबणार नाही.

लोभ आहेच. तो वाढवायचा की कसे, ते पाळीवर येऊन सांगावे.
आपली,
अनुसया