खुर्ची चुकत नव्हती

सोलापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

अमिनाखाला,

सलाम. तुमची तब्येत बरी असेल, झीनत, शाकीरभाई आणि छोटी आयत मजेत असतील. इकडे घरी सगळं ठीक आहे. सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं, दुपारी मात्र पत्रे अजून तापतात. मंगळवेढ्याकडे आता ज्वारी चांगली उभी राहिली असेल. लेकीकडची हवा तुम्हाला मानवते का? रात्री पाय आखडतात ते कमी झालं का?

झीनत माझा फोन उचलत नाही. तिची चूक नाही. तिने उचलला असता तरी मला धड बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र. तुम्हाला उर्दू वाचता येतं, माझं मराठी अक्षर लागायचं नाही, म्हणजे हे झीनतच तुम्हाला वाचून दाखवणार. झीनत, एवढंच कर. मध्ये थांबून मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण शेवटपर्यंत वाच. खालांना वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस.

गल्लीत विशेष काही नाही. तुमच्या दाराशी असलेली मेंदी जिवंत आहे. आई तिला पाणी घालते. कोणी बघतंय असं वाटलं की बादली घेऊन परत फिरते आणि नंतर पुन्हा जाते. मी एकदा म्हणाले, "मी घालते की पाणी." ती म्हणाली, "न्हाय, माझं मी बघते."

कारखान्यात शाळेच्या गणवेशांचं काम जोरात आहे. मालकांना म्हणजे गुरुशांत शेठना आमच्या कंपनीच्या आणखी खुर्च्या हव्या आहेत. कंपनीतले आमचे सर खूश आहेत. मला सगळे 'खुर्चीवाल्या मॅडम' म्हणतात.

झीनत लग्न होऊन गेल्यावर हे सगळं सुरू झालं, त्यामुळे तिला नीट माहीत नसेल. आमची कंपनी मुळात दवाखान्यांसाठी पलंग बनवते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलता येत नाही, तर पलंगच हळूहळू एका बाजूने वर येतो, मग दुसऱ्या बाजूने. त्यामुळे एकाच जागी भार पडत नाही, स्नायू आखडत नाहीत. मुलाखतीत मी विचारलं होतं, माणूस अंथरुणाला लागेपर्यंत थांबायचं कशाला? दिवसभर शिलाई मशीनवर बसून ज्यांची कंबर जाते त्यांना अशी खुर्ची का नको? बोलताना माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही आणि आई होता. हे खरं आहे. या पत्रातलं सगळंच तुम्हाला खरं वाटणार नाही, पण एवढं मात्र खरं माना.

दसऱ्याला खुर्च्या आल्या तो दिवस आठवतो? बैठकीखालच्या हवेच्या पिशव्या फुगल्या आणि ईरम्मा उडालीच. "अय्यो, खालनं कोन ढकलतंय गं?" म्हणून खाली वाकून बघत होती. तुम्ही म्हणालात, "क्या गे अपेक्षा, ये कुर्सी है की अक्कलकोट की एस्टी? बैठे बैठे हला रही." आणि आई म्हणाली, "हलू द्या की, तिकीट तर न्हाय मागत." सगळा कारखाना हसला. आयुष्यात एवढा अभिमान मला पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता.

खुर्चीला आधी माणसाची ओळख करून द्यावी लागते. कोण बसणार, वजन किती, हे एकदा भरलं की ती त्या माणसापुरती किती हलायचं ते ठरवते. तुम्हा सगळ्यांची ओळख मीच करून दिली होती. तुम्ही हडकुळ्या, आई अंगाने भरलेली. शेजारीशेजारी ठेवलेल्या तुमच्या दोन खुर्च्या सगळ्यांत वेगळ्या हलायच्या. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही, की कोणाचं वजन किती हे खुर्चीला कळतं, म्हणजे तिच्यावर कोण बसलंय हेही तिला कळतं. आणि तिला कळतं ते माझ्या लॅपटॉपला कळतं.

दिवाळीनंतर मालकांच्या खोलीत बैठक झाली. आमचे सर पुण्याहून आले होते. बाकी सगळ्या खुर्च्यांचा निकाल उत्तम होता, थकवा कमी झालेला दिसत होता. फक्त तुमच्या दोघींच्या खुर्च्यांचे आकडे विचित्र यायचे. जेवणानंतर तर कशाचा कशाला मेळ नव्हता. मालक म्हणाले, "म्हणजे वस्तूत खोट आहे म्हणायची." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप मालकांकडे फिरवला आणि म्हणाले, "खुर्ची चुकत नाहीये सर. माणसं बदलतायत. जेवणानंतर या दोघी जागा बदलून बसतात." आणि मी हसलेसुद्धा.

मालक हसले नाहीत. कॉलरच्या मशीनवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही, हा त्यांचा नियम तुम्हाला माहीत आहे. त्यांनी विचारलं, "अमिनाच्या जागेवर रंभा कॉलर शिवते? का?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

त्याच दुपारी ते खाली येऊन तुमच्यामागे उभे राहिले. "खाला, एक कॉलर माझ्यासमोर करा की." आवाज चढवला नव्हता त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. तुम्ही कापड मशीनखाली सरकवलं. कारखान्यातल्या सगळ्या मशिनी एकेक करून थांबल्या. तुमची खुर्ची तेवढी हलत होती, ठरल्याप्रमाणे, आधी डावीकडून वर, मग उजवीकडून. मी दारात उभी होते. मला वाटलं पळत जाऊन तिचं बटण बंद करावं. मी गेले नाही. कॉलरचं टोक फिरवताना तुमचा अंगठा सुटला आणि शिवण वाकडी गेली. मालक म्हणाले, "आता घरी आराम करा खाला. खूप केलंत." तुम्ही कात्री पदराला पुसली आणि पिशवीत टाकली.

मग ईरम्माने मोठ्याने विचारलं, "कोन सांगितलं मालकाला? कोनाच्या पोटात दुखलं?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. लॅपटॉप माझ्या छातीशी धरलेला होता. मग ती उठली आणि म्हणाली, "म्या सांगितलं. मालकांनी इचारलं, मी बोलून गेले."

तुम्ही म्हणालात, "रंभा, तू?"

आई म्हणाली, "व्हय."

खाला, ती खोटं बोलली. मालकांनी तिला काही विचारलं नव्हतं, तिने काही सांगितलं नव्हतं. सांगणारी मी होते. तुमचा हात चालेनासा झाला तेव्हापासून रोज जेवणानंतर आई तुमच्या कॉलरी शिवत आली. तुम्ही तिच्या वाट्याच्या सरळ शिवणी मारत आलात. घरी तिने मलासुद्धा याचा पत्ता लागू दिला नाही. तिने तोंडातून शब्द काढला नाही. मी काढला, आणि तो तिने स्वतःच्या अंगावर घेतला.

घरी आल्यावर मी तिला म्हणाले, उद्या सगळ्यांना सांगते. ती भाकरी थापत होती. "गप बस. तुझी नोकरी नवी हाय. मला काय, चार दिस बोलतील आन गप बसतील." मी पुन्हा म्हणाले, तेव्हा तिने विचारलं, "तुला ठावं व्हतं का, अमिनाचा हात गेलाय त्ये?"

मी म्हणाले, "नाही."

"मंग झालं तर. नकळत झालं. इषय संपला."

मला हायसं वाटलं. लिहायला जड जातंय, पण तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. मी जेवले आणि झोपलेही.

चार दिवस कधीच होऊन गेले. आईशी कोणी बोलत नाही. तुम्हाला ठाऊक आहे जेवायला सगळ्या कशा बसतात, भिंतीला टेकून, ओळीने. आता आई बसली की शेजारची डबा उचलते आणि पलीकडे जाते. ईरम्मा मुद्दाम ऐकू जाईल असं बोलते, "लेक साहेब झाली, आई चाकर झाली मालकाची." आईला फटाफट उत्तरं द्यायची सवय, पण ती मान खाली घालून जेवते. मी रोज तिथे जाते, आकडे घेते, "सगळ्या बऱ्या आहात ना?" विचारते. त्या मला हसून म्हणतात, "मॅडम, खुर्ची लई ब्येस हाय."

तुमच्या जागी आता दुसरी बाई बसते. खुर्चीला तिची ओळख करून द्यायला मला सांगितलं. मी करून दिली.

नोकरी सोडली असं लिहायला मला फार आवडलं असतं. सोडलेली नाही. कोण कुठे बसलं हे खुर्चीने मालकांना दाखवू नये, एवढं मी सरांना लिहून कळवलं आहे. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला तर तेच जास्त आवडतंय, बघू." तुम्हाला हलकं काम देतील का, हेही मी मालकांना विचारलं. तेही 'बघू' म्हणाले. तुम्हाला खोटी आशा लावत नाही.

आता एक गोष्ट राहिली. वर मी दोन ठिकाणी लिहिलंय की मला माहीत नव्हतं. मालकांना तसं म्हणाले, आईलाही तसंच म्हणाले. ते खोटं आहे.

मुलाखतीला घालायला तुम्ही मला निळा शर्ट शिवून दिला होता. तुमच्या हातची कॉलर म्हणजे दुकानातल्या शर्टाने मान खाली घालावी. मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि बघितलं तर डावं टोक किंचित आखूड होतं. तुमच्याकडून असं कधीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही चहा देताना कप डाव्या हाताने दिलात, उजवा पदराखाली होता. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही उजेड कमी होता म्हणाला असतात, आणि मला तेच पटवून घ्यायचं होतं. पण मला कळलं होतं. मी हेच शिकलेय, खाला. कोणत्या स्नायूला काय होतं, हेच मला शिकवलंय.

त्या बैठकीत लॅपटॉप फिरवताना मला माहीत होतं की तुमच्या जागी आई का बसत असेल. अगदी लख्ख नव्हे, पण माहीत होतं. तोंड उघडायच्या आधी क्षणभर मी थांबलेही. मग सर माझ्याकडे बघत होते, आणि माझी खुर्ची खोटी ठरू नये असं मला वाटलं. त्या दिवशी माझ्या अंगात तोच निळा शर्ट होता.

मी नेहमी म्हणायचे, मी शिकले ते आपल्या बायकांसाठी. तुम्हीही गल्लीत तसंच सांगायचात. यापुढे सांगू नका.

आईला हे पत्र माहीत नाही. तिला कळलं तर ती चिडेल, कदाचित माझ्याशी बोलणार नाही. तरी उद्या जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे, जसं तुम्हाला लिहिलं तसं, निळ्या शर्टासकट. पण त्यांना सांगायच्या आधी तुम्हाला लिहिणं मला भाग होतं, कारण आईने गमावलं ते तुम्हाला. बाकीच्या उद्या मला काय म्हणतील ते म्हणोत.

झीनत, खालांचा हात चांगल्या डॉक्टरला दाखव. मनगटातली नस दबली असेल तर उपाय आहे. उशीर करू नकोस. हे मी खुर्चीवाली म्हणून नाही सांगत. माझ्यावरच्या रागापायी तेवढं टाळू नकोस.

आणि खाला, डब्याचं झाकण. तुम्ही दोघी आपापल्या झाकणात भाजी वाढून एकमेकींना द्यायचात आणि संध्याकाळी सुटताना झाकणं परत करायचात. त्या दिवशी परत करायची राहिली. तुमचं झाकण आमच्या घरी आहे. आई ते रोज घासते, पुसते आणि फळीवर पालथं ठेवते. स्वतःच्या डब्यावर वाटी झाकून नेते, पण ते झाकण वापरत नाही. तिचं झाकण तुमच्याकडे आलं असेल. ते कोणाबरोबर पाठवू नका. मला माफ करू नका, माझ्याशी बोलू नका, मी घरी नसेन अशा वेळी या. पण झाकण तुमच्या हाताने तिला आणून द्या.

'तुमची' लिहायला हात धजत नाही, म्हणून एवढंच,

रंभाबाईची मुलगी
अपेक्षा