अकरा दहाचं वजन

ती. मामांस साष्टांग नमस्कार. (सध्या दिवसभर पुलाखाली पालथाच पडलेला असतो, तेव्हा नमस्कार खराखुरा समजावा.) गुडघे काय म्हणतात? मामींनी तुमचं गोड बंद केलं असं कळलं; आनंद झाला.

तुम्ही तीस वर्षांपूर्वी तपासलेला लोखंडी पूल आता माझ्या गळ्यात पडलाय. गंजलेल्या तुळयांना नव्या पट्ट्या मारल्या, दगडी खांबांच्या भेगा बुजवल्या. शुक्रवारी 'बससाठी योग्य' असा दाखला सही करून द्यायचाय. सोमवारी पहिली बस, आणि तिच्यातून शाळेत शिकवायला जाणार तुमची भाचेसून. म्हणजे सही डोळे मिटून करायची सोय नाही.

वजनाची चाचणी घेतली. पुलावर बसच्या वजनाइतका भरलेला ट्रक उभा केला, मधल्या तुळईखालच्या मापकाची सुई तीन मिलिमीटर उतरली, म्हणजे तुळई तेवढी वाकली. ट्रक गेला, सुई जागेवर. उत्तम. मी डबा उघडला. अकरा वाजून दहा मिनिटांनी सुई पुन्हा उतरू लागली. पूल दोन्हीकडून बंद, वर कावळासुद्धा नाही. (फिटर वर जाऊन बघून आला. तेव्हापासून तो रजेवर आहे, कारण 'पोट'.) मापक बदललं, स्वतःला चिमटा काढला, उगाच हिच्याशी भांडूनही पाहिलं. रोज अकरा दहा, रोज पाच मिलिमीटर. शेवटी तुमची जुनी वही काढली. वेळ तीच, सुई तीन, आणि कारणाच्या रकान्यात तुमच्या टपोऱ्या अक्षरात: 'नेहमीचंच'. धन्य आहे तुमची! पूल मजबूत केल्यावर सुई कमी उतरायला हवी, मामा. म्हणजे वर जो कोणी येऊन उभा राहतो, तीस वर्षांत त्याची तब्येत भलतीच सुधारलीय. काय खातो कोण जाणे.

तरी काळजी नसावी. मी असल्या गोष्टी मानत नाही.

आपला,
भाचा

ता. क. बसचे तीन आणि त्याचे पाच, मिळून आठ. पूल सातच्या पुढे टिकणार नाही. दाखला लिहून तयार आहे, पेन हातात धरवत नाही.

आणखी एक ता. क. आज सुई उतरली ती वर येईना. तो बरोबर माझ्या डोक्यावर थांबला होता. वरून गंज गळत होता. काही सुचेना, ओरडलो, "मी मामांचा भाचा!" सुई ताबडतोब वर आली. तुमचं त्याचं काय ठरलंय ते मला सांगूच नका. पण बसही अकरा दहालाच पुलावर येणार, आणि साहेब वेळापत्रक बदलायला लेखी कारण मागतात. मी फार घाबरलोय. तुम्ही या आणि त्यालाच वेळ बदलायला सांगा. साहेबांपेक्षा तो ऐकेल.