चार इंच वर

३ फेब्रुवारी १९७८, शुक्रवार
जीप आजपासून चार इंच उंच. मिलिटरीच्या लिलावातली आहे हे सांगूनही कुणाला पटणार नाही. चेसिस आणि चाकावरचे स्प्रिंगचे पाटे यांना जोडणारी लोखंडी पट्टी असते, तिला शॅकल म्हणतात. मूळच्या आखूड शॅकल काढून टाकल्या. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे लांब करून घेतल्या. बावीस वर्षं हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतोय, दोन पट्ट्यांचं काय एवढं!
गैबी मिस्त्रीनं बसवून द्यायला चक्क नकार दिला. म्हणाला, मास्तर, असली गाडी वळणावर दगा देती की. बिचारा. भूमिती शिकलेला नाही. मी स्वतःच बसवल्या.
गंगावेशीत लोक उभं राहून बघत होते. माझी उंची पाच फूट एक इंच. पण जीपमध्ये बसलो की एस.टी.च्या ड्रायव्हरच्या डोळ्याला डोळा भिडतो. बायकोला, शालूला, चढायला स्टूल लागलं. ती काही बोलली नाही. कौतुकानं असणार.

७ फेब्रुवारी, मंगळवार
संकल्प. येत्या रविवारपासून जोतिबाचे खेटे. सासूबाई तीस वर्षं माघातले पाचही रविवार वडणग्याहून डोंगरावर चालत जातात. आज वडणग्याला त्यांच्या घरी शालूनं सांगितलं, यंदा त्यांचा गुडघा धरलाय. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, पाचही खेटे जीपनं.
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू म्हणत्यात तसं. जावयाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नाही. सासऱ्यांनाही चला म्हटलं. त्यांना वैरण आणायची होती.

१२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३
पहिला खेटा पार पडला. उत्तम.
एक किरकोळ नोंद. चढताना चालणाऱ्या लोकांना वाट द्यायला गेलो आणि पुढचं डावं चाक धोंड्यावर चढलं. कट्ट असा आवाज झाला. तिथून पुढं जीप आपोआप डावीकडं ओढू लागली. उतरताना दरी डावीकडं होती. सबंध घाट स्टेअरिंग उजवीकडं धरून बसलो होतो. शर्ट पिळून निघाला. कोट घालायला नको होता.
सासूबाई माझ्या डाव्या हाताला. शेवटपर्यंत चकार शब्द नाही. केवढा तो विश्वास!
जीप झाडताना त्यांच्या सीटखाली हिरव्या काचेच्या बांगड्यांचे सात तुकडे सापडले. हल्लीच्या बांगड्यांत दम नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार
निदान. शाळेतून गुण्या, ओळंबा आणि मोठा कोनमापक आणला. जीपखाली तीन तास. पाटे शाबूत. डाव्या बाजूची शॅकल आतल्या अंगाला अकरा अंश वाकली आहे. एवढंच. ड्रॉइंग काढून ठेवलं, लाल पेन्सिलीनं.
गैबी मिस्त्री आला, उकिडवा बसला, पापणी लवेपर्यंत बघितलं. म्हणाला, लांब पट्ट्या काढा, जुन्या घाला, अर्ध्या दिवसाचं काम हाय. म्हणजे जीप पुन्हा बुटकी. सगळी गंगावेस हसेल. मी म्हणालो, अकरा अंश म्हणजे काहीच नाही. तो म्हणाला, मास्तर, आत बसणाऱ्या माणसाला इचारा.
शालू जेवायला तीनदा हाक मारून गेली. भूक नव्हती.

१५ फेब्रुवारी, बुधवार
तोड सापडली. आकाराम लोहार. ह्याचे ऊसतोडीचे कोयते साऱ्या करवीर तालुक्यात जातात. शॅकल भट्टीत लालबुंद केली, ऐरणीवर ठोकून सरळ केली. शून्य अंश. मग मला सुचलं, की कोयत्याला पाणी देतात तसं हिला द्यावं. म्हणजे पुन्हा वाकायची बातच नको.
आकाराम म्हणाला, पावणं, ह्यो कोयता न्हवं, हिला ऊस तोडायचा न्हाय. मी म्हणालो, मी सांगतो तसं करा. चर्र करून पाण्यात बुडवली. आवाज ऐकूनच विश्वास वाटला.
गैबीला हे सांगायचं नाही. शिकेल आणि स्वतःच्या नावावर खपवेल.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
ट्रायल. रंकाळ्याला एक फेरी, ताशी दहा मैल. ओढ कमी झाली. पण बारीक कुरकुर ऐकू येते. ट्रायल ताशी वीसनं घेणार होतो, पण पेट्रोल कशाला जाळा.
शाळेत फळ्यावर वर्तुळ काढलं, त्याचं अंडं झालं. पोरं हसली. खडू ओला होता.

१८ फेब्रुवारी, शनिवार
कुरकुरीवर इलाज केला. शॅकलवर भरपूर रॉकेल ओतलं, थोडं मुरू दिलं, मग फडक्यानं पुसून काढलं. आता आवाज नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५
दुसरा खेटा. साक्षात्कार!
डोंगरावर गुलालाची नुसती उधळण. आमच्या उंच जीपवरही लोकांनी मुठीच्या मुठी टाकल्या. चांगभलंचा गजर. मी खाली वाकून पाहिलं, तर डाव्या शॅकलवर गुलाल बसलेला आणि त्यात आडवी, केसाएवढी, गडद ओली रेघ उमटलेली. बाकी सगळा गुलाल कोरडा. कुणीतरी बोट ओढल्यागत! उजव्या शॅकलवर अशी रेघ नाही. मुद्दाम बघितलं.
देवानं स्वतः टिळा लावला. चौघांना बोलावून दाखवला. एकानं नारळ फोडला. सासूबाईंनी रेघेला हात जोडले, आणि कितीतरी वेळ खाली घेतलेच नाहीत.
उतरताना पहिला गिअर शेवटपर्यंत बदलला नाही. चालत उतरणारे आम्हाला मागं टाकून गेले. त्यात एक म्हातारी होती, डोक्यावर बोचकं घेऊन. देव पाठीशी असताना घाई कशाला.
आज बांगड्यांचे तुकडे नाहीत. सासूबाई बांगड्या काढूनच आल्या होत्या. सवाष्ण बाई आणि बांगड्या काढून? विचारलं नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार
गैबीला टिळा दाखवायला मुद्दाम जीप नेली. म्हटलं, बघ, भूमितीच्याही पलीकडचं आहे.
त्यानं वाकून बघितलं. शॅकल उतरवली. रॉकेलनं धुतली, कोरडी खणखणीत पुसली. माझ्याच खिशातला खडू मागून घेतला, त्याची पूड तिच्यावर उडवली आणि हातोडीनं हळूच टिचकी मारली. पांढऱ्या पुडीत तीच रेघ पुन्हा उमटली. त्याच जागी.
म्हणाला, मास्तर, ह्यो टिळा न्हाय, तडा हाय. आत मुरल्यालं रॉकेल भाईर येतंय. पाणी पाजून ठिसूळ केलीया हिला, कुणी पाजलं?
मी म्हणालो, लोहारानं.
त्यानं शॅकल शिकंज्यात धरली आणि हातोडीचा एक घाव घातला. एकच. बिस्किटागत दोन तुकडे झाले. मग म्हणाला, ही सुटली असती तर पुढचं डावं अंग खाली बसलं असतं आणि स्टेअरिंग तुमच्या हातात नुसतं शोभंला राहिलं असतं. डाव्या अंगाला कोण बसतं?
मी सांगितलं. त्यानं चहा मागवला. कप माझ्यापुढं तसाच राहिला. त्यानं बशीत ओतून दिला.

२२ फेब्रुवारी, बुधवार
दोन्ही तुकडे टेबलावर ठेवलेत. बघायचे नाहीत असं ठरवतो आणि बघतो.
संकल्प. रविवारी मला ताप येईल. शंभरच्या वर. शालूला आजच अंग कणकण करतंय असं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, अंग गार पडलंय तुमचं.

२५ फेब्रुवारी, शनिवार
गैबीनं जुन्या आखूड शॅकल बसवल्या. उजवीकडचीही बदलली. जीप बुटकी झाली. गंगावेशीत एकही माणूस हसला नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही. हे जरा लागलं.
गैबी स्वतः जोतिबाला जाऊन घाट उतरून आला. म्हणाला, आता घोडा हाय मास्तर, डोळं झाकून चालवा.
म्हणजे जीपमध्ये आता काही बिघाड उरलेला नाही. हे फार वाईट झालं. किल्ली हातात घेतली की तळहाताला पाणी सुटतं. कणकण शालूनं मानली नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८
खरं लिहितो. हे दुसरं कुणी वाचणार नाही.
पहाटे शालूला घेऊन वडणग्यापर्यंत जीप नेली, सायकलच्या वेगानं. सासूबाई दारात तयार होत्या. बांगड्या काढलेल्या. मी खाली उतरलो आणि पुन्हा चढता येईना. पायच उचलेना. सासूबाईंसमोर, सासऱ्यांसमोर, वैरणीच्या भाऱ्यासमोर म्हणालो, मला भीती वाटते. शॅकल तडकली होती. तुम्हाला त्याच्यावर बसवून घाट उतरवला. देवाचा टिळा म्हणून तुम्हाला पाया पडायला लावलं.
सासूबाई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मग म्हणाल्या, जावईबापू, माझा तर पहिल्या ऐतवारीच जीव गेलता. दोन्ही खेपंला डोळं मिटून बसलेलो. मागल्या ऐतवारी हात जोडून देवाला बोललो, आज जित्ती उतरलो तर उरल्यालं खेटं अनवाणी चालत करीन म्हणून. पर जावयाला कसं सांगायचं, तुमच्या गाडीत भ्या वाटतंय म्हणून?
मी म्हणालो, पण गुडघा? 
त्या शालूकडं बघू लागल्या. शालू जमिनीकडं. गुडघा ठणठणीत आहे. यांनी गाडी घेतलीय आणि कुणी बसायलाच तयार नाही, तू तरी बस आई, असं शालूनं सांगितलं होतं. घरातल्या साऱ्यांना माहीत होतं. सासऱ्यांना तर वैरणीसकट.
मग सासूबाईंनी बांगड्या भरल्या, चपला काढल्या आणि निघाल्या. मी मागून. जीप तिथंच, सासऱ्यांच्या ताब्यात. डोंगराच्या पायथ्याशी, कुशिऱ्यापर्यंत, त्यांच्याबरोबर होतो. पुढं त्या थांबत होत्या आणि मी पोचत होतो. वर चांगभलं म्हणायलाही श्वास नव्हता. उतरताना पहिल्याच वळणाला माझा गुडघा धरला. खराखुरा.
सासूबाईंनी हात धरून रस्त्याच्या कडेला बसवलं आणि एस.टी.तून कुणाकडून तरी गैबीला निरोप धाडला. दोन तासांनी गैबी मिस्त्री वडणग्याहून जीप घेऊन आला. सासूबाईंना बसा म्हणाला. त्या म्हणाल्या, न्हाय बाबा, बोललोय देवाला. आणि चालू लागल्या.
मी डाव्या सीटवर बसलो. समोरच्या दांडीवर बांगड्यांचे बारीक चरे होते, शेजारी शेजारी. तिथंच दोन्ही हातांनी धरलं. गैबीनं पहिलं वळण घेतलं आणि मी डोळे मिटले.